खोत गेला, सातबारा कुणाचा?

गेल्या शिमग्याच्या आधी परळच्या एका शाळेच्या हॉलमध्ये आमच्या गावच्या ग्रामस्थ मंडळाची सभा झाली. मंडळ जुने आहे. गिरण्या चालू होत्या तेव्हा लालबागमध्ये गावाची म्हणून एक खोली होती. दहा बाय बाराच्या त्या खोलीत पाळ्यांप्रमाणे पंचवीस-तीस गडी राहायचे. ट्रंका भिंतीला, वळकट्या माळ्यावर. त्या खोलीतून हे मंडळ निघाले. मंडळाने गावात देवळाला सभामंडप बांधला, शाळेवर पत्रे घातले, पालखीला चांदीचे रूपे केले. पण इतक्या वर्षांत एकाही बाईला सभासद करून घेतले नाही. बायकांसाठी जानेवारीत हळदीकुंकू असते, तेवढे पुरे असे मानले जाते. या वेळी मात्र मला आणि गावच्या आणखी काही माहेरवाशिणींना खास निरोप आले. "ताई, नक्की या. तुमची सही लागणार आहे."

सही कशाला, ते तिथे गेल्यावर कळले. गावच्या सड्याला लागून जे वरकस रान आहे, ते एक मुंबईची पार्टी घ्यायला तयार आहे. बरेच सातबारे एकमेकांना लागून, म्हणून सगळ्यांनी एकदम विकावे असा बेत. अध्यक्षस्थानी खोतांचा नातू होता. फार सभ्य माणूस. त्याने सगळ्यांची विचारपूस केली, चहा आला का ते पाहिले. पण मधली खुर्ची त्याच्यासाठीच होती, आणि ती त्याच्यासाठीच का, हे तिथे कुणालाही विचारावेसे वाटले नाही. खोती कायद्याने जाऊन सत्तर वर्षे उलटली. तरी आमच्या गावात शिमग्याला पालखी पहिली त्यांच्या दारात जाते, पोलिस पाटीलकी त्यांच्याकडे बराच काळ होती, पुढे सरपंचपद आले, शाळेच्या संस्थेत आणि सोसायटीत तेच घराणे. घराणे वाईट आहे असे मला म्हणायचे नाही. अशा घराण्याला वाईट असण्याची गरजच पडत नाही, एवढेच.

त्या सभेत माझी काकू नव्हती. तिला बोलावलेच नव्हते. ज्या तुकड्यांसाठी माझी सही मागितली जात होती, त्यांत पन्नासेक वर्षे नाचणी आणि वरी काढली ती तिने. मी विचारले तेव्हा मंडळाच्या चिटणिसांनी झेरॉक्स पुढे सरकवली. तिचे नाव "इतर हक्क" या रकान्यात होते. अन्नवस्त्रापुरते. "त्यांची सही लागत नाही," ते म्हणाले.

मैत्रिणींनो, हा लेख त्या रकान्याबद्दल आहे. पण तिथवर यायचे तर आधी खोताकडे जावे लागेल, कारण खोताबद्दल आपल्या चळवळीत बोलले जाते ते अर्धेच.

गिरगावात खोताची वाडी आहे. आपल्यातल्या पुष्कळ जणी तिथून गेल्या असतील. लाकडी जिने, व्हरांडे, दारापुढचा क्रूस. नव्याण्णव टक्के लोक तिथे जुन्या घरांचे फोटो काढायला येतात. नाव मात्र अठराव्या शतकाच्या अखेरीच्या एका पाठारे प्रभू खोताचे. जमीन त्याची होती, तिचे तुकडे त्याने ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांना दिले आणि ती वसाहत उभी राहिली. साठ-पासष्ट घरे होती म्हणतात, आज निम्मीसुद्धा उरलेली नाहीत. घरे गेली, राहणारे बदलले, खोताचे नाव राहिले. मालकी संपल्यावर नाव किती काळ टिकते त्याचा हा नमुना.

मुंबई बेट हे मुळातच अशा देवघेवीतले. १६६१ च्या तहाने पोर्तुगालच्या राजकन्येच्या लग्नात ते इंग्लंडच्या राजाला आंदण म्हणून गेले. १८ फेब्रुवारी १६६५ रोजी प्रत्यक्ष ताबा दिला गेला तेव्हा कागदांवर सह्या झाल्या त्या दोना इग्नेझ दे मिरांडा या विधवेच्या वाड्यात. या बेटाची जमीनदारीण ती. म्हणजे एका बाईच्या लग्नात दिलेले बेट दुसऱ्या बाईच्या घरात हस्तांतरित झाले, आणि ते मागितले, दिले, घेतले ते पुरुषांनी. मला हा प्रसंग सांगायला आवडतो. शिबिरात सांगितला की बायका आधी हसतात आणि मग एखादी हळूच म्हणते, "आमच्याकडेपण असंच झालं."

पुढे इंग्रजांच्या मुंबईत जमीन आणि राजकारण एकाच घरात असणे ही रीतच झाली. आपल्याला जवळचे उदाहरण गिरगावचे जगन्नाथ शंकरशेट. वडिलोपार्जित पेढी, मोठी स्थावर मालमत्ता, १८५२ च्या बॉम्बे असोसिएशनचे नेतृत्व, रेल्वेच्या उभारणीत वाटा, १८६२ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात जागा. त्यांच्याबद्दल आकसाने बोलण्याचे मला काही कारण नाही. १८४९ च्या सुमारास स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटीने मुलींच्या शाळा काढल्या तेव्हा त्यांनी आपल्या जागेत शाळा भरू दिली, आणि त्या काळात शेटजींच्या दारात मुली शिकतात म्हटल्यावर टीका करणाऱ्यांची तोंडे थोडी तरी बंद झाली असतील. त्या शाळांनी आपल्या पणज्या शिकल्या. पण देणाऱ्याच्या हातात जमीन होती म्हणून तो देऊ शकला, आणि घेणारीने आभार मानायचे होते, हेही त्याच गोष्टीत आहे. दान मिळालेल्या शाळेत शिकणे वेगळे आणि स्वतःच्या जागेत शाळा काढणे वेगळे.

इंग्रजांच्या घरीही हेच होते, आणि तिथला एक दाखला मला आपल्या प्रश्नासाठी फार उपयोगी वाटतो. डेव्हन परगण्यात टॅव्हिस्टॉक नावाचे गाव आहे. सोळाव्या शतकात मठाची जमीन जप्त झाली ती रसेल घराण्याला मिळाली. मग गावची घरे त्यांची, बाजार त्यांचा, आणि पार्लमेंटात गावातर्फे जायचे तेही बहुधा त्यांच्या घरचे किंवा त्यांच्या पसंतीचे. लंडनमधला ब्लूम्सबरीचा मोठा भागही त्यांचाच. असली खिशातली गावे मोडून काढणारे सुधारणा विधेयक १८३१ मध्ये पार्लमेंटात मांडले ते याच घराण्यातल्या लॉर्ड जॉन रसेल यांनी. १८३२ चा तो कायदा लोकशाहीच्या इतिहासात मोठ्या अक्षरांत लिहितात. त्याच कायद्यात मतदार म्हणजे "पुरुष व्यक्ती" असे प्रथमच स्पष्ट लिहिले गेले. तोवर इंग्लंडात बायका रूढीने बाहेर होत्या, आता कायद्याच्या शब्दाने बाहेर झाल्या. जमीनदाराची पकड ज्या कागदाने सैल झाली त्याच कागदाने बाईला दार बंद केले.

हे लक्षात ठेवून आता कोकणात जाऊ.

खोत म्हणजे सरकारसाठी गावचा सारा गोळा करणारा वंशपरंपरागत वतनदार. कागदावर एवढेच. प्रत्यक्षात तो गावचा मालक. कुळाने पिकवायचे आणि अर्धे खोताच्या खळ्यावर नेऊन घालायचे, म्हणून अर्धेल. पीक उभे असतानाच खोताचा माणूस येऊन किती पिकेल त्याचा अंदाज करायचा, ती अभावणी. पाऊस दगा देवो की किडा लागो, अंदाज झाला तो झाला. त्याशिवाय आठवेठ, म्हणजे खोताच्या शेतावर फुकट राबायचे दिवस. पुस्तकांत हे सगळे कुळाबद्दल लिहिलेले असते आणि "कुळ" म्हटले की वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे नांगर धरलेला पुरुष येतो. माझी आजी मात्र सांगायची ती भात कांडण्याची गोष्ट. खोतांकडे लग्नकार्य असले की कुळांच्या बायकांना कांडायला, सारवायला, लाकडे फोडायला बोलावणे यायचे, आणि ओटीवर चढायची परवानगी नसे. तान्हे पोर मांगराच्या सावलीत निजवून ती दिवसभर कांडायची. मोबदल्यात कण्या. दलित वस्तीतल्या बायकांना तर कण्याही हातात मिळत नसत, लांबून टाकल्या जात. ही वेठ कुठल्या वहीत मांडली गेली असेल असे मला वाटत नाही. ती कुळाच्या नावावर जमा होती, बाईच्या नव्हे.

गिरगाव चौपाटीवर ज्यांचा पुतळा आहे त्या लोकमान्यांचे घराणेही खोतीचे, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस खोतीविषयक सरकारी विधेयक आले तेव्हा केसरीने खोतांची बाजू लढवली. हे सांगितले की काही मंडळी दुखावतात. दुखावण्याचे कारण नाही. घरची जमीन माणसाच्या विचारात कुठून तरी शिरतेच, थोरांच्याही शिरते.

विरोध झाला तो परळच्या बाजूने. परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत अनेक वर्षे राहिलेल्या आणि मूळच्या मंडणगड तालुक्यातल्या आंबडवे गावच्या डॉ. आंबेडकरांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. जानेवारी १९३८ मध्ये ठाणे, कुलाबा, रत्नागिरीपासून सातारा-नाशिकपर्यंतचे हजारो शेतकरी मुंबईत मोर्चाने आले. तिकडे अलिबाग तालुक्यात चरी आणि आसपासच्या पंचवीस गावांनी १९३३ पासून नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली संप पुकारला होता. खोतांची जमीन कसायचीच नाही. सहा वर्षे. भारतातला सर्वांत लांब चाललेला शेतकऱ्यांचा संप म्हणून त्याचे नाव घेतात. सहा वर्षे शेत ओसाड असताना घरात चूल कोण पेटवत होते? लाकूडफाटा तोडून कोण विकत होते? ते पुढाऱ्यांच्या चरित्रांत एका ओळीत येते. ज्या आयाबायांनी तो संप जगवला त्यांपैकी किती जणींची नावे आपल्याला सांगता येतील? मला एकही येत नाही, आणि मी स्वतःला चळवळीतली म्हणवते.

आंबेडकरांचे विधेयक तेव्हा मंजूर झाले नाही. खोती गेली ती १९४९ च्या कायद्याने. आणि १९४८ च्या कुळकायद्यात १९५६ साली दुरुस्ती होऊन १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला. त्या दिवशी जो जमीन कसत होता तो तिचा मालक मानला जाणार, किंमत हप्त्यांनी भरायची. कसेल त्याची जमीन. ही घोषणा ऐकून आजही अंगावर काटा येतो. माझ्या आजोबांना त्याच कायद्याने जमीन मिळाली, नाहीतर आज सही कशाची मागितली असती?

आता कायद्याचे एक वाक्य पाहू. जमीन "स्वतः कसणे" म्हणजे काय, याची व्याख्या त्या कायद्यात आहे. स्वतःच्या श्रमाने कसणे हे एक. "कुटुंबातील कोणाही माणसाच्या" श्रमाने कसणे हे दुसरे. तेही स्वतःच कसणे! ही तरतूद साधी वाटते. कुणाला त्यात वाईट दिसणार नाही. पण १९५७ च्या कोकणात हे वाक्य नेऊन ठेवा. घरटी एक, दोन, तीन पुरुष मुंबईला. कुणी गिरणीत साच्यावर, कुणी गोदीत, कुणी गिरगावात घरगडी. वर्षाला दोन खेपा, शिमग्याला आणि गणपतीला. मनीऑर्डर दर महिन्याला येईल तेव्हा खरी. राब भाजणे, तरवा काढणे, लावणी, बेणणी, कापणी, झोडणी, सगळे गावी राहिलेल्या बायांच्या अंगावर. नांगराला फार तर शेजारचा गडी, तोही वारंगुळ्याने. रत्नागिरी जिल्ह्यात आजही पुरुषांपेक्षा बायका जास्त आहेत, २०११ च्या जनगणनेत हजार पुरुषांमागे ११२२. मुंबईच्या चाळींतली पुरुषांची गर्दी आणि हा आकडा एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत. तर अशा ठिकाणी कसणारा कोण? कायद्याने सांगितले, लालबागच्या खोलीत वळकटी टाकून झोपलेला नवरा. कारण बायको कसते म्हणजे तो "स्वतः" कसतो.

खोताच्या वहीत तिची वेठ कुळाच्या नावावर जमा होती. सरकारच्या वहीत तिची शेती नवऱ्याच्या नावावर जमा झाली. वही बदलली.

आमच्या घरात हे असे झाले. वडील आणि काका दोघेही गिरणीत. वडील थोरले, म्हणून आजोबांनंतर सातबाऱ्यावर त्यांचे नाव, त्यापुढे "ए.कु.मॅ.", म्हणजे एकत्र कुटुंबाचे मॅनेजर. मॅनेजर लालबागला, शेत गावी, आणि शेतात काकू. १९७४ मध्ये काका गेले. काकूला मूलबाळ नव्हते. १९५६ च्या वारसा कायद्याप्रमाणे काकांच्या हिश्श्याची ती वारस होती, विधवा म्हणून पूर्ण मालक. पण तिला ते सांगणार कोण? वडिलांनी तलाठ्याकडे जाऊन तिचे नाव "इतर हक्क" मध्ये घालून घेतले आणि घरी येऊन सांगितले की वहिनीचे नाव लावले. ते खोटे बोलले नाहीत. नाव लावले होतेच. माझे वडील लाल बावट्याचे होते, संपात मार खाल्लेले, घरात आंबेडकरांचा आणि मार्क्सचा फोटो. खोतांच्या ओटीखाली उभे राहण्याची आठवण त्यांना आयुष्यभर डाचत राहिली. त्यांना काकूचा हक्क मारायचा होता असे मला आजही वाटत नाही. त्यांच्या मनात तिचा हक्क हा विषयच नव्हता.

मुंबईच्या बाजूला काय वेगळे होते? आमची आई चाळीत खानावळ चालवायची. चौदा गडी दोन पाळ्यांत जेवायचे, पहाटे साडेचारला भाकरीचा पहिला तवा. गिरणगावातली गिरणी या खानावळवाल्यांच्या भाकरीवर चालत होती, हे १९७५ मध्ये प्रेमा पुरवांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढले आणि या बायांना बँकेचे कर्ज मिळवून दिले तेव्हा निदान काही जणांच्या लक्षात आले. १९८२ चा संप झाला. गडी गावी गेले, उधाऱ्या बुडाल्या, आईने मंगळसूत्र विकून वाण्याचे देणे फेडले. त्यानंतर गिरण्यांच्या जमिनी कुणाला किती, यावर १९९१ चे नियम, २००१ ची दुरुस्ती, २००६ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल असे सगळे रामायण झाले. २०१२ मध्ये कामगारांच्या घरांची पहिली सोडत निघाली, ६९२५ घरांची. ज्याचे नाव गिरणीच्या हजेरीपटावर होते तो, किंवा त्याचा वारस, अर्जाला पात्र. हे व्हायलाच हवे होते, आणि ज्या बायका गिरणीत होत्या त्यांनाही हक्क मिळाला. एके काळी मुंबईच्या गिरण्यांत पाचांत एक कामगार बाई होती, पुढे त्यांना हळूहळू बाहेर काढले गेले, तो वेगळा लेख होईल. खानावळवालीचे नाव मात्र कोणत्याच पटावर नव्हते. भाडेपावती घरमालक फाडायचा ती वडिलांच्या नावाने. भाडे भरायची आई.

पावतीबद्दल एक कामाची गोष्ट सांगते, कारण लालबाग-परळ-गिरगावात चाळी पाडून टॉवर उभे राहत आहेत आणि आपल्याकडे रोज एक तरी बाई हा प्रश्न घेऊन येते. भाडेकरू वारला तर त्याच्यासोबत राहणारी कुटुंबातली व्यक्ती कायद्याने भाडेकरू ठरू शकते. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात ते लिहिलेले आहे, जुन्या १९४७ च्या कायद्यातही होते. मुलगाच हवा असे कुठेही म्हटलेले नाही. आईच्या बाबतीत हे आम्हाला उशिरा कळले. तोवर पावती भावाच्या नावाची झाली होती.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. वडील १९९६ मध्ये गेले. वारस म्हणून आई, दोघे भाऊ, मी आणि बहीण, सगळ्यांची नावे लागली. दुसऱ्या वर्षी गावी गेलो असताना भावाने सहज विचारले आणि आम्ही दोघी बहिणींनी तलाठ्यासमोर जबाब दिला की आम्हाला हिस्सा नको. त्याच महिन्यात मी संघटनेच्या शिबिरात "स्त्री आणि मालमत्ता" या विषयावर दोन तास बोलले होते. महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः हक्क देणारी दुरुस्ती केली होती, पण तिच्या आधी लग्न झालेल्या मुलींना वगळून, हेही मी तिथे फळ्यावर लिहून दाखवले होते. आणि गावी जाऊन सही केली. का? माहेर राहावे म्हणून. गणपतीला जाता यावे, भावजयीने दारात पाणी घेऊन यावे म्हणून. आपल्यातल्या ज्यांनी अशी सही केलेली नाही त्यांनी मला हसावे, बाकीच्यांनी हसू नये.

आता त्या जबाबाची कथा गमतीची झाली आहे. तो नोंदणी केलेला हक्कसोडीचा दस्त नाही. खरेदीदाराच्या वकिलाला तो चालत नाही. म्हणून आम्हा बहिणींचे निरोप. शिवाय २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीने लग्न केव्हा झाले ही अट गेली, आणि २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की २००५ मध्ये वडील हयात असणे जरुरीचे नाही. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत वाटणी किंवा विक्री झालेली असेल तर ती मोडत नाही. त्यामुळे आपापल्या घरच्या कागदांवर कोणती तारीख आहे ते पाहायला हवे. आणि हे सगळे आत्ताच का निघाले? कुळकायद्याने मिळालेली जमीन विकायला पूर्वी कलेक्टरची परवानगी लागे. २०१४ मध्ये ती अट शिथिल झाली, खरेदीला दहा वर्षे होऊन गेली असली की शेतसाऱ्याच्या चाळीसपट नजराणा भरायचा आणि मोकळे. कोकणातला सारा तो किती! चहापाण्याला जातो तेवढा. ज्या जमिनीसाठी सहा वर्षे संप झाले ती आता तेवढ्या पैशांत बाजारात येते. विकू नये असे माझे म्हणणे नाही. गावात राहून काय खायचे हे मी परळमध्ये बसून कुणाला शिकवणार? पण विकणारा कोण, पैसा कुणाच्या खात्यात जातो, आणि राहते घर कुणाच्या नावावर राहते, हे विचारणार.

आमच्या गटात यावर वाद झाला. एक जुनी मैत्रीण म्हणाली, "कुळांची एकी फोडू नकोस. आज बायकांचा प्रश्न काढलास तर खोताचेच फावेल, तो म्हणेल बघा, यांच्या घरातच भांडण." हे म्हणणे मी हसण्यावारी नेत नाही. खोतांच्या नातवाने सभेत नेमके तसेच काहीसे म्हटले, फार गोड शब्दांत. पण एकी कुणाच्या खर्चाने, हा हिशेब एकदा तरी मांडायला नको का? चरीत बायकांनी एकी सांभाळली. १९५७ मध्ये सांभाळली. १९८२ मध्ये मंगळसूत्र विकून सांभाळली. आणि खोत-कुळ या भांडणात खोताच्या घरची बाई कुठे होती तेही पाहा. साने गुरुजींचे घराणे पालगडचे खोत होते. श्यामची आई आपण सगळ्यांनी रडत वाचली आहे. कर्जापायी त्या घरावर जप्ती येते तेव्हा त्या माउलीच्या हातात काय होते? खोतीण म्हणून जो मान होता तो नवऱ्याच्या मानाची सावली होता, ऊन कलले की गेला. मंडळाच्या सभेत खोतांच्या घरची एकही बाई नव्हती. त्यांच्याही मुलींच्या सह्या लागणार होत्या, त्या घरी जाऊन घेतल्या असे ऐकले.

मी सही केली नाही. म्हटले, आधी काकूची नोंद दुरुस्त करा, मग बोलू. हॉलमध्ये शांतता पसरली. भाऊ माझ्याकडे बघेना. बाहेर पडताना जिन्यात एक मावशी भेटली, आमच्याच वाडीतली, तिने माझा हात दाबला आणि काही न बोलता खाली गेली. तिने आत सही केली होती.

मे महिन्यात गावी गेले. तलाठी कार्यालयातून १९७४ च्या फेरफाराची नक्कल काढली, दोन खेपा घालाव्या लागल्या. कागद पिवळा, अक्षर सुरेख. त्यावर वडिलांची सही आहे, आणि खाली काकूचा डाव्या हाताचा अंगठा. म्हणजे तिला विचारले होते, निदान अंगठ्यापुरते. प्रांताकडे अपील करायचे ठरवले आहे. इतक्या वर्षांच्या विलंबाची माफी मागावी लागेल, मिळेल की नाही सांगता येत नाही. वकीलबाई म्हणतात, दिवाणी दावाही करावा लागेल. भावाने फोन उचलणे बंद केले आहे. या गणपतीला मी जाणार, पण उतरणार काकूच्या पडवीत.

नक्कल मी काकूला वाचून दाखवली. तिला आता नीट दिसत नाही. तिने कागद हातात घेतला, नाकाशी नेला, मग अंगठ्याच्या डागावर बोट ठेवून म्हणाली, "ह्यो माजाच. आनि नाव कुटं हाय गो?" मी रकाना दाखवला. तिने कागदाची घडी केली, डब्यात ठेवली आणि म्हणाली, पाऊस यायच्या आत गोठ्याचा कूड बांधून घ्यायला हवा, दोन माणसे बघ.

आपल्यापैकी ज्यांच्या माहेरचे किंवा सासरचे सातबारे रत्नागिरी, रायगड, सिंधुदुर्गातले आहेत त्यांनी पुढच्या बैठकीला त्यांची ताजी नक्कल आणि मिळाल्यास जुने फेरफार आणावेत. "इतर हक्क" चा रकाना आपण एकत्र बसून वाचू.